दारावरची चिकटपट्टी आणि तोडलेला फोन

मंडळी, वॉटरगेट म्हणजे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या प्रचारातल्या माणसांनी विरोधी पक्षाच्या कार्यालयात केलेली घुसखोरी आणि ती दडपण्याचा प्रयत्न. ते म्हटलं की आपल्याला निक्सन आठवतो, प्रकरण खणून काढणारे ते दोन तरुण पत्रकार आठवतात. आपल्या वर्तमानपत्रांनी तर त्यातलं 'गेट' उचलून इथल्या कितीतरी प्रकरणांना जोडलं. ज्या मालिकेबद्दल आज मला बोलायचं आहे, ती २०२२ साली अमेरिकेत स्टार्झ वाहिनीवर आलेली आठ भागांची 'गॅसलिट'. याच प्रकरणात कडेला राहून गेलेली माणसं तिनं पुढे आणली.

वॉचमनपासून सुरुवात करतो. १७ जून १९७२ची रात्र. वॉशिंग्टनच्या वॉटरगेट संकुलात फ्रँक विल्स नावाचा चोवीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण रात्रपाळीला होता. पगार आठवड्याला ८० डॉलर. फेरी मारताना त्याला तळघरातल्या दारावर चिकटपट्टी दिसली. कुलपाची जीभ बाहेर येऊ नये, म्हणून ती लावलेली होती. कुणी कामगार विसरला असेल असं समजून त्यानं ती काढली. थोड्या वेळानं पाहतो, तर पट्टी पुन्हा जागेवर! मग त्यानं पोलिसांना बोलावलं आणि सहाव्या मजल्यावर, निक्सनच्या विरोधातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात, पाच जण सापडले. नोंदवहीत विल्सनं वेळ टाकली आहे १ वाजून ४७ मिनिटं. अशी वही आपल्या सोसायटीच्या वॉचमनकडेही असते, आपण ती कधी उघडून बघत नाही. विल्सच्या वहीचं ते पान अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

आता मार्था मिचेल. मालिका खरी तिची, आणि ज्युलिया रॉबर्ट्सनं तिला मनापासून उभं केलं आहे. मार्था आर्कान्सामधल्या पाइन ब्लफची. नवरा जॉन मिचेल आधी निक्सनचा अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे न्यायखात्याचा मंत्री, मग त्याच्या फेरनिवडणुकीच्या समितीचा प्रमुख. मार्था रात्री-बेरात्री पत्रकारांना फोन करायची आणि मनात येईल ते बोलून टाकायची. १९७० साली तिनं तिच्या राज्यातल्या एका वर्तमानपत्राला फोन करून सिनेटर फुलब्राइट यांना क्रुसावर चढवा म्हणून सांगितलं होतं, कारण निक्सननं सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या न्यायाधीशाविरुद्ध त्यांनी मत दिलं होतं. म्हणजे ही बाई बंडखोर नव्हती, निक्सनच्या बाजूची होती, आणि कडवी होती. हे विसरून तिला संत करण्याचा मोह मालिकेनं टाळला, याचं मला फार बरं वाटलं. छळ झालेल्या माणसावर विश्वास ठेवण्यासाठी तो आपल्याला आवडायलाच हवा असं थोडंच आहे?

चोर पकडले गेले तेव्हा मिचेल दांपत्य कॅलिफोर्नियात होतं. नवरा तातडीनं वॉशिंग्टनला परतला, मार्था न्यूपोर्ट बीचच्या हॉटेलात राहिली. बातमी तिच्यापर्यंत पोचू नये अशी व्यवस्था केली होती, कारण पकडलेल्यांपैकी जेम्स मॅकॉर्डला ती ओळखत होती. तो समितीचा सुरक्षाप्रमुख होता आणि तिच्या स्वतःच्या रक्षणाचं कामही त्यानं केलं होतं. बातमी शेवटी तिला कळलीच. २२ जूनला तिनं पत्रकार हेलन थॉमसना फोन लावला. बोलणं चालू असतानाच रक्षकानं फोनची वायर भिंतीतून उपटली. पुढचे काही दिवस तिला खोलीत कोंडून ठेवलं. झटापटीत काच फुटून हाताला टाके पडले. शेवटी धरून ठेवून गुंगीचं इंजेक्शन दिलं.

हे सगळं तिनं बाहेर येऊन सांगितलं. उत्तर काय मिळालं? ती पिते, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. मालिकेच्या नावात जो 'गॅसलायटिंग' शब्द आहे, त्याला मराठीत आपल्या आज्यांपासून चालत आलेला शब्द आहे : वेड्यात काढणं. या एका शब्दात सगळी यंत्रणा आली. बाई खोटं बोलते असं म्हटलं, तर पुरावा द्यावा लागतो. वेडी आहे म्हटलं की चौकशीच संपते. आणि हे म्हणायला घरचाच माणूस लागतो, बाहेरच्याचं कोण ऐकेल? १९७५ साली मॅकॉर्डनंच तिच्या हकिगतीला दुजोरा दिला. रुग्ण सांगतो ते खरं असतानाही त्याला भ्रम ठरवण्याच्या चुकीला मानसशास्त्रात आज तिचंच नाव आहे. मार्था मे १९७६ मध्ये कर्करोगानं गेली. अंत्यविधीला पांढऱ्या शेवंतीच्या फुलांची एक रचना आली होती. तिच्यावर अक्षरं होती, 'मार्था बरोबर होती'.

इथं माझी एक तक्रार आहे, आणि ती या मालिकेवर प्रेम असल्यामुळेच आहे. दुर्लक्षितांची गोष्ट सांगताना तिनं विल्सला फारच थोडा वेळ दिला. मार्था काही झालं तरी मंत्र्याची बायको होती. तिच्या फोनला पलीकडून उत्तर मिळायचं. विल्सकडे ती सोयही नव्हती. ती नोकरी त्यानं लवकरच सोडली, पण पुढे धड काम मिळालं नाही. वॉटरगेटवरच्या एका गाजलेल्या चित्रपटात त्यानं स्वतःचीच छोटी भूमिका केली, तेवढंच. १९८३ साली बुटांचा एक साधा जोड चोरल्याबद्दल त्याला वर्षाची शिक्षा झाली. देशाचा माजी अ‍ॅटर्नी जनरल जॉन मिचेल न्यायप्रक्रियेत अडथळे आणल्याबद्दल १९ महिने तुरुंगात होता. हे दोन आकडे मी शेजारी शेजारी ठेवतो, एवढंच.

नंतर विल्स आजारी आईची सेवा करायला साउथ कॅरोलायनात राहिला. आई गेली तेव्हा तिला पुरायला त्याच्याकडे पैसे नव्हते. तिचा देह त्यानं वैद्यकीय संशोधनाला देऊन टाकला. २००० सालच्या सप्टेंबरात, बावन्नाव्या वर्षी, मेंदूतल्या गाठीनं तो गेला.