मेट्रोचा रूळ उन्हाळा कसा सोसतो

मंडळी, मूर्तिजापूर-यवतमाळ किंवा अचलपूरच्या शकुंतला या छोट्या रेल्वेत बसलेल्यांना चाकांची ती खडखड आठवत असेल. ती सांध्यांची. लोखंड उन्हात वाढतं, म्हणून दोन रुळांत फट ठेवत. नागपूरची मेट्रो २०१९ पासून धावते आहे, पण तिच्यात ही खडखड नाही. तिचे रूळ वितळजोडाने (वेल्डिंगने) सलग केलेले आहेत. मग वाढलेलं लोखंड जातं कुठे?

कुठेच जात नाही. बैलगाडीच्या चाकावर धाव कशी चढवतात ते आठवा. लोहार ती चाकापेक्षा जराशी लहान करतो, तापवून चढवतो आणि पाणी मारतो. ती आकसू पाहते, लाकूड आकसू देत नाही, म्हणून चाक घट्ट आवळलं जातं. रुळालाही असंच क्लिपांनी जखडून ठेवतात. लांबी बदलत नाही, आत जोर साठतो.

हा जोर केवढा? मीटरला ६० किलो वजनाचा रूळ घ्या. तो साधारण ४० अंशांवर बिनताणाचा बसवलेला आहे. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की उन्हातला रूळ ६५ पर्यंत तापतो. त्या २५ अंशांनी एका रुळात सुमारे ४७ टनांचा दाब येतो. जानेवारीच्या पहाटे ८ अंश असले, तर उलट ६० टनांची ओढ. खडीवरचा रूळ दाबाने आडवा सटकू शकतो. मेट्रोच्या उंच पुलावर तो काँक्रीटला जखडलेला असल्याने सटकण्याची भीती कमी, पण थंडीत कच्च्या जोडाला तडा जाण्याची भीती राहतेच.

म्हणून माझ्या मते या कामात सगळ्यात महत्त्वाचं उपकरण म्हणजे रुळाला चिकटवायचा तापमापक. २० अंशांच्या सकाळी १०० मीटर रूळ बसवायचा, तर क्लिपा सोडायच्या, रूळ रोलरवर मोकळा करायचा, ४० अंशांवर असता तेवढा लांब होण्यासाठी जॅकने २४ मिलिमीटर ओढायचा, मगच जोडायचा. जोडासाठी लागणारी फट वेगळी. तडा गेलेला तुकडा घाईत बदलताना ही ओढ राहून गेली, तर त्या ठिकाणचा हिशेब बिघडतो, आणि उन्हाळ्यात तिथे दाब जास्त येतो.

पुलाचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, मात्र जखडत नाहीत. ३० मीटरचा गाळा ३० अंशांच्या फरकाने जवळजवळ ११ मिलिमीटर वाढतो. म्हणून त्याचं एक टोक खांबावर पक्कं, दुसरं सरकत्या बेअरिंगवर. दोन गाळ्यांमधल्या फटीत माती-कचरा ठासला किंवा बेअरिंग अडकलं, की खांबाच्या डोक्याला चिरा पडतात. पावसाळ्याआधी ही फट साफ करणं टाळता येत नाही.

आता पुलाच्या पायाचं. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. ही हालचाल मुख्यतः वरच्या तीन-साडेतीन मीटरांत. म्हणून पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेला काँक्रीटचा खोल खांब, तिच्यातून पार खालच्या खडकापर्यंत नेतात. काँक्रीट नळीतून तळापासून वर भरत आणायचं, आणि नळीचं तोंड सतत दीड-दोन मीटर काँक्रीटमध्ये बुडालेलं ठेवायचं. ती आधीच वर ओढली, तर चिखल आत शिरतो आणि पाइलची मान बारीक होते. वरून काहीच दिसत नाही. म्हणून काँक्रीट पक्कं झाल्यावर डोक्यावर हातोडीचा टोला मारून यंत्राने आतला प्रतिध्वनी तपासतात: तो तळाऐवजी मधूनच परतला, तर तिथे दोष असण्याची शंका घ्यायची आणि वर खांब उभारण्याआधी तिचा निकाल लावायचा.