केळी, सिनेमा आणि सकाळचा खेळ

(चोपड्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि ऊन उतरायची वाट न बघता आलेली मंडळी, पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय: 'चित्रपटांचा आंतरराष्ट्रीय व्यापार आणि सरकारी कोटा'. घाबरू नका. ज्याला केळीचा व्यापार कळतो त्याला हाही कळतो, आणि या सभागृहात केळीतलं न कळणारा माणूस एकच आहे. तो आत्ता बोलतोय.

युरोपने १९९३ मध्ये बाहेरच्या केळीवर कोटा बसवला. लॅटिन अमेरिकेतले देश भांडले, त्यांच्या बाजूने अमेरिका उतरली आणि १९९७ साली जागतिक व्यापार संघटनेत युरोप हरला. केळी अडवली की खटला. सिनेमाला मात्र खुद्द जागतिक व्यापाराच्या करारातच सवलत आहे. ती कशी, ते सांगतोच. आधी माझं दुखणं ऐका.

मागे एक मराठी सिनेमा लागला होता. जळगावात, मल्टिप्लेक्समध्ये, दिवसाला एकच खेळ, सकाळी साडेनऊचा. आता साडेनऊला तिथे पोचायचं म्हणजे चोपड्याहून सातची गाडी धरायची. गाडी वेळेवर आली, इथेच मला संशय यायला हवा होता. सौभाग्यवतींनी दशम्या आणि ठेचा बांधून घेतला. तापीचा पूल ओलांडेपर्यंत आम्ही नवीन लग्न झाल्यासारखे खुशीत होतो. थिएटरच्या दारात पिशवी उघडायला लावली. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणे. दशम्या दारातच राहिल्या. खिडकीवर तिकिटं काढली. आम्ही दोघं, एक रिटायर गुरुजी आणि कॉलेज बुडवून आलेलं एक पोरगं. दहा वाजले, पडदा काळाच. मग एक मुलगा आला, फार नम्र. म्हणाला, "सर, चारच तिकिटं गेलीत, शो कॅन्सल. पैसे परत मिळतील." मी कायदा सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ही म्हणाली, "पैसा परत भेटतीन, पन भाडं कोन दी?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मंडळी, कुठल्याच सरकारकडे नाही. दशम्या आम्ही बस स्टँडवर खाल्ल्या. गुरुजींनाही दिल्या.

आपल्या वेळी उलटं होतं. सिनेमाआधी सरकारी समाचारपट दाखवावाच लागे, आणि थिएटरवाल्याला त्याचं भाडंही भरावं लागे. तोही कोटाच की! पडद्यावर धरणाचं उद्घाटन चालू आणि आख्खं पब्लिक बाहेर भजी खातंय. नियम पाळला गेला, बघितलं कुणीच नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. बरं. आता पळवतो.

१९२७ मध्ये ब्रिटनने हॉलिवूडला आवरायला कायदा केला. थिएटरात अमुक टक्के ब्रिटिश सिनेमे लागलेच पाहिजेत, आणि अमेरिकन सिनेमे वाटणाऱ्यांनीही ब्रिटिश माल ठेवलाच पाहिजे. झालं काय, कोटा भरण्यापुरते स्वस्तातले सिनेमे धडाधड निघाले. सकाळी झाडूवाल्या बायका झाडत असताना ते चालवून टाकत, असं सांगतात. म्हणजे साडेनऊचा खेळ जळगावचा शोध नाही.

१९४७ मध्ये ब्रिटनने अमेरिकन सिनेमांवर ७५ टक्के कर लावला. हॉलिवूडने सिनेमे पाठवणंच बंद केलं, आणि पुढच्या मार्चमध्ये ब्रिटनला नमावं लागलं. फ्रान्सने १९४६ साली अमेरिकेशी करार करून दर तीन महिन्यांतले चार आठवडे स्वतःच्या सिनेमांना राखले. मघाशी म्हटलेला जागतिक व्यापाराचा करार म्हणजे १९४७ चाच गॅट. त्यावर २३ देशांच्या सह्या, त्यात आपलीही. त्याचं अकरावं कलम सांगतं, आयातीवर संख्येची बंधनं नकोत, जकात लावा. चौथं कलम सांगतं, सिनेमाला पडद्याचा कोटा चालेल, म्हणजे देशी सिनेमांसाठी पडदा राखून ठेवा. तो दर थिएटरमागे, दर वर्षी, पडद्याच्या वेळेवर मोजा.

वेळेवर! माझं सगळं भांडण या एका शब्दाशी आहे. किती वेळ, हे लिहिलं. कोणत्या वेळी, हे लिहिलंच नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्समधल्या मराठी सिनेमांसाठी ते लिहायचा प्रयत्न केला. आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हणाले, मग काही दिवसांत त्याचं दुपारी बारा ते रात्री नऊ झालं. मुंबईत ठीक आहे. मे महिन्यात बारा वाजता खान्देशात कावळासुद्धा उडत नाही. आत एसी असतो म्हणता, पण एसीपर्यंत पोचायचं कसं?

शेवटचं, कोरिया. तिथे थिएटरांना वर्षाला १४६ दिवस कोरियन सिनेमा लावावा लागे. अमेरिकेशी व्यापार करार करायचा म्हणून २००६ मध्ये ते ७३ केले, सिनेमावाले रस्त्यावर आले. पण त्याआधी कित्येक वर्षं तिथे सिनेमावाल्यांचीच माणसं थिएटरवर पहारा ठेवत होती, कोटा पाळतात का ते बघायला. आपल्याकडे असा पहारा बसला तर जळगावच्या साडेनऊसाठी माझं नाव लिहून घ्या. फक्त भाड्याचं...

ही पहिल्या रांगेतून बघतेय. थांबतो.