एका व्हिसाची फाइल

(दृश्य: कागदांनी भरलेलं जेवणाचं टेबल)

डोंबिवलीतल्या या घरात आठवडाभर सगळे जमिनीवर जेवताहेत. टेबल व्हिसाच्या कागदांनी अडवलंय. आई, बाबा आणि नऊ वर्षांची लेक मे महिन्यात युरोपला निघालेत. पॅरिसला पाच रात्री, स्वित्झर्लंडमध्ये सहा, रोमला तीन. विमान उतरणार पॅरिसला, तरी अर्ज फ्रान्सकडे नाही. शेंगेन हा सामाईक व्हिसा युरोपातल्या 29 देशांत चालतो, पण अर्ज करायचा तो जिथे मुक्काम सर्वांत जास्त त्या देशाकडे, इथे स्वित्झर्लंडकडे. मुक्काम सारखाच निघाला, तरच पहिलं पाऊल कुठे पडतं ते बघायचं.

अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. सुट्टीच्या हंगामात अडतं ते अपॉइंटमेंटपाशी, म्हणून दिवाळी सरली की तारीख शोधायला लागावं.

(दृश्य: फोटो स्टुडिओ)

35 बाय 45 मिलिमीटर, पांढरी किंवा फिकट पार्श्वभूमी, आणि फोटोचा 70 ते 80 टक्के भाग चेहऱ्याने व्यापलेला. नेहमीच्या पासपोर्ट फोटोत शर्टाचं दुसरं बटणसुद्धा दिसतं. तो इथे चालत नाही. आता बघा, स्टुडिओवाल्याचा हात सवयीने डोळ्यांखालची वर्तुळं पुसायला निघाला. तिथेच थांबवा. गुळगुळीत केलेला चेहरा काउंटरवरून परत येतो.

(दृश्य: बँक स्टेटमेंटवर शिक्का)

निदान तीन महिन्यांचं स्टेटमेंट, बँकेचा शिक्का आणि सहीसकट. शिल्लक किती, याइतकंच ती कशी जमली हेही वाचलं जातं. दरमहा पगार येतो, हप्ता जातो, थोडं उरतं, हे चित्र चांगलं. अर्जाच्या आठ दिवस आधी मेव्हण्याकडून आलेले चार लाख मात्र लगेच डोळ्यांत भरतात. एफडी मोडली असेल, तर ती मोडल्याची पावती मागे जोडावी.

आईचा पासपोर्ट सासरच्या नावाचा, बँक खातं माहेरच्या. मध्ये विवाह नोंदणीचा दाखला लागतो, आणि तो मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर. गावचा सातबारा जोडायचा असेल, तर त्याचंही. लेकीचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, हे बहुतेक घरांत ऐनवेळी आठवतं. परतीच्या तारखेनंतर तो निदान तीन महिने चालू हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत.

आता तारखा. तिकीट, हॉटेल, रजेचं पत्र, विमा: चारही कागद शेजारी ठेवून बोट फिरवा. विमा किमान 30,000 युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. विमा परतीच्या आदल्या दिवशीच संपत असेल, तर बाकीची फाइल कितीही जाड असो, अडकते. एजंटही हेच कागद मागतो. वर त्याची फी, आणि निर्णय त्याच्याही हातात नाही.

(दृश्य: व्हिसा केंद्राबाहेरची रांग)

आत कॅमेरा नेता येत नाही. व्हिसा केंद्र कागद आणि दहा बोटांचे ठसे घेऊन पुढे पाठवतं. ठरवते ती वकिलात. कागद गोळा करण्याचं काम असं बाहेर द्यायची पद्धत मुंबईतच रुजली. अशी केंद्रं चालवणारी व्हीएफएस कंपनी इथे 2001 साली सुरू झाली. मोठ्यांची फी 90 युरो, लेकीची 45, शिवाय केंद्राचं सेवाशुल्क. बारा वर्षांखालच्यांचे ठसे घेत नाहीत. एकदा दिलेले ठसे 59 महिने चालतात.

निर्णयाला साधारण 15 दिवस, शंका आली तर 45. नकार आला तर फी बुडते. कारण छापील कागदावर मिळतं आणि अपील करता येतं.

(दृश्य: कुरिअरचं पाकीट, पासपोर्टमधलं स्टिकर)

स्टिकरवर आधी नावाची अक्षरं आणि पासपोर्ट क्रमांक ताडून बघा. मग दोन तारखा: इथे त्यांच्यात महिनाभराचं अंतर दिसतंय. म्हणून महिनाभर राहता येतं असं नाही. त्याखालच्या रकान्यात 15 लिहिलंय, ते मुक्कामाचे दिवस. पोहोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. 14 रात्रींचे बरोबर 15.