केळीचा खांब आणि सरकारी मदत

श्रोतेहो, नमस्कार.

सरकारी योजनेचं नाव निघालं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, ‘सबसिडी किती टक्के?’ टक्के महत्त्वाचे आहेतच. पण पर्यावरण सांभाळून उद्योग उभा करायचा, तर तो सहसा टक्क्यांवर अडत नाही. कुठे अडतो, ते आज केळीच्या खांबावरून पाहू.

जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपड्याकडे पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल, तर एकरी 1742 झाडं बसतात. घड कापला की खांब उरतो. तो पंधरा किलोचा धरला तरी एकरी सव्वीस टन होतात. हे खांब बांधावर टाकले जातात, नाल्यात लोटले जातात, वाळले की पेटवले जातात. याच खांबात दोर, पिशव्या, हातकागद यांना चालणारा धागा असतो.

आता हिशेब बघा. खांबात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. एका खांबातून वाळलेला धागा निघतो साधारण 100 ते 150 ग्रॅम. म्हणजे दहा टन खांबांचा ट्रक भरून एमआयडीसीत नेला, तर हाती येणार फार तर शंभर किलो धागा. बाकी सगळं भाडं पाण्याचं! शिवाय कापलेला खांब एक-दोन दिवसांत काळा पडायला लागतो आणि धाग्याचा रंग जातो. त्यामुळे खांब कारखान्यात न नेता यंत्र वावराजवळ आणावं लागतं. सरकारच्या मदतीची पहिली जागा ही. गावात शेड, पाणी आणि थ्री-फेज वीज असलेलं सामाईक केंद्र. शेतीपंपाच्या जोडणीवर यंत्र चालवता येत नाही. उद्योगाची वेगळी जोडणी घ्यावी लागते आणि तिची तजवीज कर्ज मंजूर होण्याआधीच करायची असते. नाहीतर यंत्र येऊन पडतं, हप्ता सुरू होतो आणि मीटर आलेलं नसतं.

यंत्र तसं साधं आहे. खांब उभा चिरून सोपटं, म्हणजे त्याचे थर, सुटी करायची आणि फिरत्या पात्यांच्या ड्रममध्ये एकेक सरकवायची. गर खरवडून निघतो, धागा हातात राहतो. सगळी मेख पातं आणि समोरची पट्टी यांच्यातल्या फटीत आहे. फट जास्त झाली तर धाग्याला गर चिकटून राहतो, वाळल्यावर तो कडक आणि तपकिरी होतो. कमी झाली तर धागा तुटतो. ही फट जमवणं हाताने शिकावं लागतं, वर्गात बसून प्रमाणपत्र घेऊन ते येत नाही. प्रशिक्षणाचा निधी चालू यंत्रापाशी खर्च व्हावा, तो यासाठी.

उरलेला चोथा त्याच शेतात परत गेला पाहिजे. खांबात पालाश, म्हणजे पोटॅश, भरपूर असतं. चोथा बाहेर गेला, तर तेच पालाश शेतकऱ्याला पोत्यातून विकत आणावं लागेल. खांबाच्या रसापासून द्रवरूप खत करण्याची पद्धत नवसारी कृषी विद्यापीठाने बसवलेली आहे. यंत्राखालून वाहणारा रस नाल्यात सोडला तर मात्र तेच प्रदूषण. आणि सीएमव्ही या विषाणूजन्य रोगाची लागण झालेली झाडं उपटून तिथल्या तिथे नष्ट करायची, ती केंद्रावर आणायची नाहीत.

आता पैशांकडे वळू. इथे हमखास चूक होते. पीएमएफएमई, म्हणजे केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान आहे आणि तिच्यात ‘एक जिल्हा एक उत्पादन’ म्हणून जळगाव जिल्ह्याचं पीकही केळीच. पण ही योजना अन्नप्रक्रियेची आहे. वेफर्स, पीठ, सुकेळी चालतील. धागा हे अन्न नाही, म्हणून तिथे बसत नाही. धाग्यासाठी पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, किंवा राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम बघायचा. अर्जाआधी चालू अटी जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या. पीएमईजीपीत ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 आणि महिलांसह विशेष गटाला 35 टक्के अनुदान आहे. ते हातात मिळत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकतं आणि युनिट चालू असल्याची तपासणी झाल्यावरच कर्जात वळतं होतं. ‘अनुदान आलं की मजुरी देऊ’ असं गणित मांडलेलं युनिट पहिल्याच हंगामात बसतं. प्रकल्प अहवालात खेळतं भांडवल वेगळं दाखवा. मजुरी, वाहतूक, वीजबिल आणि विकला न गेलेला माल, निदान तीन महिन्यांचा.

जळगावच्या डाळ मिल आणि चटईवाल्यांसाठीही थोडक्यात. मालात दोष नको आणि पर्यावरणाला झळ नको, यासाठी केंद्राचं ‘झेड’ प्रमाणपत्र असतं. त्याच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगाला 80, लघुला 60 आणि मध्यमला 50 टक्के सवलत आहे. ब्रॉन्झ या पहिल्या पातळीचं शुल्क दहा हजार, म्हणजे सूक्ष्म उद्योगाला दोन हजारांत पडतं. आमच्या मते त्याचा खरा उपयोग भिंतीवर फ्रेम लावण्यापेक्षा वीज, पाणी आणि वाया जाणारा माल यांच्या नोंदी ठेवायची सवय लागण्यात आहे.

शेवटचा मुद्दा विक्रीचा. केंद्र सरकारची खाती आणि कंपन्या यांनी वार्षिक खरेदीतली 25 टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असं धोरण आहे; त्यात 3 टक्के महिला उद्योजकांसाठी. फायली, पिशव्या, दोर ही खरेदी इथूनच व्हायला हवी. पण बिल सहा महिने अडकलं तर छोटं युनिट त्या ऑर्डरनेच मरतं. 2006च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ पद्धतीने व्याज. तक्रार केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. त्यासाठी छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, म्हणजे ‘उद्यम’ नोंदणी, माल देण्याआधीच करून ठेवा. आणि माल उतरवताना चलनावर घेणाऱ्याची सही, शिक्का आणि तारीख, तिन्ही घ्या. दिवस मोजायला सुरुवात होते माल स्वीकारल्यापासून, आणि नुसती सही असलेल्या, तारीख नसलेल्या चलनावर तो दिवस सिद्ध करणं अवघड जातं.