तारीख पाकिटाची असते, डब्याची नव्हे

“यीस्टची तारीख अजून उलटलेली नाही, मग पीठ का फुगलं नाही?” हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. त्यावर माझा उलटा प्रश्न ठरलेला: पाकीट फोडलं कधी? छापलेली तारीख बंद पाकिटाची असते. कात्री लावली, की तिचा भरवसा संपला.

आधी पाकिटातले यीस्टचे हे दाणे म्हणजे काय, ते पाहू. ताज्या, दाबून वड्या केलेल्या यीस्टमध्ये साधारण 70 टक्के पाणी असतं. ‘इन्स्टंट’ या वाळवलेल्या दाण्यांच्या प्रकारात ते 5 टक्क्यांच्या आसपास उरतं. एवढं पाणी काढून घेतलं तर बहुतेक पेशी मरतातच. यीस्ट तगतं ते ट्रेहॅलोज नावाच्या साखरेवर. कारखान्यात वाढीच्या शेवटी पेशींचं खाणं मुद्दाम कमी करतात, म्हणजे त्या ही साखर साठवतात. पुढे पाणी गेलं की ती पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या पातळ आवरणात, पाण्याची जागा धरते आणि आतला सगळा ऐवज काचेसारखा थिजतो. काच ही माझी उपमा नाही बरं का, भौतिकशास्त्रातलं त्या अवस्थेचं नावच ते आहे. त्या काचेत रेणूंना हलायला वाव नसतो, म्हणून नासाडीही जवळजवळ थांबते.

उष्णता आणि ओलावा हे दोन वेगळे शत्रू म्हणून सांगायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. खडखडीत वाळलेलं यीस्ट उष्णता बऱ्यापैकी सोसतं. तेच जरा दमट झालं, की त्याच तापमानाला भराभर मरतं. ओलाव्याने काच मऊ पडते, आत रासायनिक क्रिया सुरू होतात, पण झालेली मोडतोड दुरुस्त करण्याइतकं पाणी काही पेशीला मिळत नाही. तिसरा हात प्राणवायूचा. पटलातली मेदाम्लं त्याने हळूहळू खराब होतात, म्हणून तर पाकिटातली हवा काढून घेतात किंवा आत नायट्रोजन भरतात. विटेसारखं टणक पाकीट फोडताना ‘फुस्स’ होतं आणि ते मऊ पडतं ना? तेव्हा हवा आत शिरलेली असते.

आता फ्रीज. थंडीत ठेवणं योग्यच, फ्रीजरही चालतो. घोटाळा होतो तो डबा बाहेर काढल्यावर. गार डबा उघडा ठेवून तुम्ही पीठ मोजत बसता, तेवढ्यात बाहेरच्या हवेतली वाफ गार दाण्यांवर दव होऊन बसते. झाकण लावून तुम्ही ती आत कोंडता. रोज हेच. त्यात चमचा ओला असेल, तर बोलायलाच नको! छोट्या हवाबंद डब्या करा आणि एका वेळी एकच वापरात ठेवा.

“जुनं झालंय, मग दुप्पट घालू” हा हिशेबही फसतो. यीस्ट कालवलेल्या पाण्याच्या थेंबात मेथिलीन ब्लू हा निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. जिवंत पेशी रासायनिक क्रियेने तो रंग घालवून टाकतात, त्या बिनरंगी दिसतात. निळ्या राहिल्या त्या मेलेल्या. या निळ्या पेशी नुसत्या पडून राहत नाहीत. त्यांच्यातून ग्लुटाथायोन नावाचं रसायन पाझरतं आणि ते ग्लुटेनचे, म्हणजे पीठ ताणून धरणाऱ्या प्रथिनाचे, बंध सोडवतं. दुप्पट यीस्टबरोबर मढीही दुप्पट येतात, आणि पीठ सैल, चिकट होतं. दाणे गार पाण्यात भिजवले तरी हाच पाझर होतो, कारण थिजलेलं पटल पूर्ववत व्हायच्या आत त्यातून पाणी शिरतं. ‘अ‍ॅक्टिव्ह ड्राय’ या आधी भिजवून घ्यायच्या दाण्यांना म्हणूनच 40 अंश सेल्सिअसच्या आसपासचं पाणी लागतं.

राहिली फेसाची परीक्षा. कोमट पाण्यात चिमूटभर साखर, वर यीस्ट, दहा मिनिटं थांबायचं. फेस आला म्हणजे काही पेशी जिवंत आहेत, एवढंच कळतं. मी पाकीट फोडल्याच्या दिवशीच ही परीक्षा करतो आणि फेस यायला किती मिनिटं लागली, ते डबीवर पेन्सिलीने लिहून ठेवतो. महिन्याभराने पुन्हा करतो, तेच माप, तेच पाणी. पाचाची नऊ मिनिटं झाली असतील, तर तारीख काहीही म्हणो, नवं पाकीट फोडतो.