पाकिटावर जास्वंद, कपात अंबाडी

(दृश्य: प्रभादेवीतली जुनी चाळ, दुसरा मजला. कठड्यावर वाळत घातलेल्या चादरी. आत ओट्यावर काचेचे चार ग्लास.)

साडेचार वाजलेत. आलं किसून ठेवलंय, दूध तापलंय, पण आज या घरात नेहमीचा चहा होणार नाही. ओट्यावर एक गुलाबी पाकीट आहे. त्यावर टपोरं लाल जास्वंद, शेजारी स्ट्रॉबेरी आणि संत्र्याची फोड. धाकट्या सुनेनं मॉलमधून आणलेला हा 'हिबिस्कस टी'. फ्रूटी, असंही त्यावर लिहिलंय.

चव बघायला आम्ही चौघं. सून स्वतः. तिचे आजेसासरे, मूळचे मालवणकडचे. शेजारच्या काकू, ज्यांचं माहेर यवतमाळचं. आणि कॅमेऱ्यामागचा मी, ज्याला कटिंगशिवाय दुसरं काही रुचत नाही हे आधीच सांगून टाकतो.

(जवळून: ग्लासातल्या पुडीवर उकळतं पाणी पडतंय.)

पाणी पडताच पुडीच्या खालच्या कोपऱ्यातून लाल दोरे सुटतात. ते वर येत नाहीत, वळवळत तळाशी जातात आणि तिथे साचतात. मिनिटाभरात पाणी डाळिंबी होतं. पाचव्या मिनिटाला ग्लासापलीकडचा माणूस दिसेनासा होतो.

वास मात्र फसवा आहे. शाळेबाहेरच्या बरणीतल्या संत्र्याच्या गोळ्या आठवतात. जीभ गोडाच्या तयारीत बसते, घोट आत जातो आणि गाल आतून आकसतात. आजोबांचा एक डोळा मिटलाय. जिभेच्या कडांना करकरीत आंबट, मग मागाहून हिरड्यांना जाणवणारा तुरटपणा. गोड कुठेच नाही. जे काही फ्रूटी होतं ते नाकापाशीच राहिलं.

पाकिटाची मागची बाजू वाचली तर उलगडा होतो. सुक्या सफरचंदाचे तुकडे, रानगुलाबाचं फळ, संत्र्याची साल आणि वरून घातलेला स्वाद. स्ट्रॉबेरी फक्त चित्रात. गंमत म्हणजे समोरच्या बाजूचं जास्वंदही फक्त चित्रातच आहे, पण ते आम्हाला अजून कळायचं होतं.

(दृश्य: आजोबा दुधाच्या पातेल्याकडे हात करतात.)

आजोबांनी दूध मागितलं. सुनेनं "आजोबा, नको" म्हणेपर्यंत चमचाभर घालूनही झालं होतं. क्षणभर रंग सुरेख गुलाबी झाला आणि मग ग्लासात पांढऱ्या कण्या तरंगायला लागल्या. दूध नासलं. लिंबू पिळून पनीर करतो तोच प्रकार. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन आंबटपणा वाढला की एकत्र येऊन गोळा होतं, आणि हे लाल पाणी जवळजवळ लिंबाच्या सरबताइतकं आंबट असतं. आजोबांनी ग्लास बाजूला सरकवला आणि निकाल दिला, "ह्यां तर कोकमच."

काकू मात्र अजून बोलल्या नव्हत्या. त्यांनी दुसरा घोट घेतला. तिसरा घेतला. मग कात्री मागितली, पुडी कापली आणि आतला भुगा बशीत पसरला. त्यातली एक लालकाळी चिंधी नखावर घेऊन चावली. तीस वर्षं मुंबईत काढूनही अशा वेळी वऱ्हाडी बाहेर येतेच.

"अरे बाप्पा! हे तं अंबाडीचे बोंडं होय!"

(दृश्य: दादरचा फूलबाजार, पहाट. पानांत बांधलेल्या जास्वंदीच्या कळ्या.)

काकूंचं बरोबर आहे. सिद्धिविनायकाला जाताना आपण जे लाल जास्वंद घेतो ते हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. चहाच्या पुडीत असते ती हिबिस्कस सॅब्डारिफा, म्हणजे आपली लाल अंबाडी. दोघी एकाच कुळातल्या, भेंडी आणि कापूसही त्यांच्याच नात्यातले. पण सख्ख्या चुलत बहिणी झाल्या म्हणून एकीचा फोटो दुसरीच्या पाकिटावर लावायचा? अंबाडीचं फूल लाल नसतंच मुळी. ते फिकट पिवळं असतं, मधोमध गडद किरमिजी ठिपका, आणि एका दिवसात गळून जातं.

मग चहात पडतं ते काय? शाळेत जास्वंदीचं फूल ब्लेडनं उभं चिरून वहीत आकृती काढली होती ना: निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग. त्यातला पहिला, पाकळ्यांखालची ती हिरवी वाटी, जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पाकळ्या गळाल्यावर अंबाडीचा निदलपुंज मात्र वाढत राहतो, मांसल होतो, लालभडक होतो आणि आतल्या बियांच्या बोंडाभोवती मिटलेला असतो. तो सोलून वाळवायचा. अख्ख्या जगात हिबिस्कसचा म्हणून जो चहा विकला जातो, तो बहुतेक हाच. इजिप्तमध्ये कारकादे, सेनेगलमध्ये बिसाप. जमैकात त्याला सॉरेल म्हणतात आणि आलं घालून नाताळात पितात.

काकूंना यातलं काही नवल वाटत नाही. त्यांच्या माहेरी धुऱ्यावर अंबाडी असायचीच. पावसाळ्यात कोवळ्या पाल्याची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून आणि वरून लसणाचं कडकडीत तेल. खोडाचा वाख काढून दोर वळायचे. आणि दिवाळीनंतर बोंडं. "आम्ही पैसे देऊन कधी घेतली नाही," त्या पाकिटावरची किंमत वाचत म्हणाल्या.

आजोबांचा गोंधळ वेगळाच. त्यांच्यासाठी आंबाडा म्हणजे झाडावरचं आंबट हिरवं फळ, ज्याचं रायतं करतात. हे दोन आंबट वेगवेगळे आहेत हे त्यांना पटवण्यात पाच मिनिटं गेली. चित्रीकरणातला तो भाग आम्ही कापलाय.

पण कोकमाच्या बाबतीत आजोबा चुकले नव्हते. लाल अंबाडीच्या रंगातलं एक द्रव्य, सायानिडिन-३-सँब्युबायोसाइड, कोकमाच्या रंगातही आहे. आंबटपणातही नातं आहे. कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं आणि अंबाडीतही, फक्त रेणूची ठेवण जरा वेगळी. एक झाड सह्याद्रीच्या उतारावरचं, दुसरं काळ्या रानातलं. दोघांची भेट मालवणच्या जिभेवर झाली.

(जवळून: दोन वाट्या. एकीत कोकमाचं पाणी, दुसरीत लाल चहा. चिमूटभर खायचा सोडा पडतो.)

सून रसायनशास्त्राची. तिनं दोन्ही वाट्यांत सोडा टाकला. फेस आला, खाली बसला आणि लाल रंग आधी जांभळट, मग काळपट निळा झाला. तिनं लिंबू पिळलं तर पुन्हा लाल. शाळेत आम्ल-आम्लारी ओळखायला जास्वंदीच्या पाण्याचा दर्शक करतात तो हाच खेळ. आजोबांनी तो तीनदा करायला लावला.

आरोग्याचं विचाराल तर थोडक्यात. यात कॅफीन नाही. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ जणांपैकी काहींना सहा आठवडे रोज तीन कप हा चहा दिला, तेव्हा त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ७ अंकांनी उतरला होता. म्हणून कुणी गोळी बंद करू नये. उलट रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. आणि ज्यांना आम्लपित्त आहे त्यांनी रिकाम्या पोटी याच्या वाटेला जाऊ नये. मी गेलो होतो.

(दृश्य: दुसरा दिवस. काकूंचं स्वयंपाकघर.)

काकूंना पुडीतला चहा मान्य नव्हता. मशीद बंदरच्या एका दुकानातून अख्खी वाळलेली बोंडं आणली. मी चहाचं नेहमीचं ॲल्युमिनियमचं पातेलं पुढे केलं तर त्यांनी हात मागे ढकलला. "जर्मनचं नको. आंबट आहे, स्टीलचं घे." मूठभर बोंडं, चार ग्लास पाणी, एक उकळी आणि गॅस बंद. दहा मिनिटं झाकण. गाळून त्यात गूळ, जिरेपूड, काळं मीठ. मग माठातलं थंड पाणी.

गरम, बिनसाखरेचा तो चहा मला आवडला नव्हता, आजही आवडत नाही. हे मात्र मी दोन ग्लास प्यायलो. काळ्या मिठानं आंबटपणाची धार गेली, गुळानं तुरटपणा झाकला आणि काल नाकापाशी अडकलेलं फळ आज घशाखाली उतरलं, तेही संत्र्याच्या सालीशिवाय. आजोबांनी अर्धा ग्लास संपवला आणि काही न बोलता ग्लास पुन्हा पुढे केला.

गाळणीत उरलेली बोंडं मी कचऱ्याच्या डब्याकडे नेत होतो.

(जवळून: काकू गाळणी काढून घेतात. खलबत्त्यात लसणाच्या पाकळ्या, हिरव्या मिरच्या, मीठ. वरून ती भिजलेली लाल बोंडं. बत्त्याचा आवाज.)

"भाकर टाक," काकू सुनेला म्हणाल्या, "चटणी होतेच आहे."