गिटारवाल्याचं चरित्र, कोल्हापुरी

मंडळी, आज ज्याचं चरित्र सांगणार आहे, तो माणूस जन्मालाच आलेला नाही. मी रचलाय. तरी व्याख्यान संपल्यावर कुणीतरी गाठून 'अहो, तो आमच्याच गल्लीत राहतो' असं सांगणार, याची मला खात्री आहे.

आपल्या नायकाचे वडील तालमीतले. शाहू महाराजांनी १९१२ साली कुस्त्यांचं खासबाग मैदान बांधलं, ही त्यांच्या लेखी शहराच्या इतिहासाची सुरुवात. 'गाण्याबजावण्याचा देवल क्लब १८८३ चा आहे, खासबागेपेक्षा जुना,' असं पोरानं एकदा सांगून बघितलं. वडील म्हणाले, "आसंल की. पण तिथं कुणी कुणाला अस्मान दावलं काय?"

तर असल्या घरात गिटार आली. गिटार शिकणाऱ्या कित्येकांचा नाद एफ कॉर्डपाशी सुटतो. तर्जनी आडवी टाकून पहिल्या पडद्यावर सहाही तारा एकदम दाबायच्या. बोट थरथरतं, तारा भुण्ण करतात. याचं मात्र उलटंच! पहाटेचे जोर मारून कमावलेला पंजा, पहिल्या दिवशीच कॉर्ड लागली. अडचण एवढीच, की तार गरजेपेक्षा जास्त दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो. हा गडी कायम चढलेला. पुढं बँड झाला तेव्हा बाकीच्यांनी त्याला उतरवायचा नाद सोडला आणि आपापली वाद्यंच वर चढवून घेतली. गायकाचं काय झालं, ते विचारू नका.

गिटारची मान हलायला लागली तेव्हा ती मिरजेला नेली. तिथली तंतुवाद्यांची परंपरा शस्त्रं घडवणाऱ्या, धार लावणाऱ्या शिकलगारांनी सुरू केली. तलवारींचे दिवस सरले आणि हात सतारीकडं वळले. कारागिरानं गिटार उलटीपालटी केली, आत डोकावून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "भोपळा कुठाय?"

आता, गिटारवाल्याच्या चरित्रात आग पाहिजेच. १९६७ मध्ये जिमी हेंड्रिक्सनं माँटेरीच्या मंचावर गिटार पेटवली होती. आपला नायकही रॉकेलची बाटली घेऊन परड्यात गेला. आजी म्हणाली, "बंब पेटवतूस व्हय? मग आदी तारा काढ. राख काढताना हाताला लागत्यात." कलेतलं बंड इतक्या कमी शब्दांत कुणी मोडून काढलं नसेल.

व्यसन वगैरे प्रकरण थोडक्यात उरकतो: मिसळ. बँड फुटला तोही पैशावरनं किंवा पोरीवरनं नाही. ड्रमर मंगळवार पेठेचा, गायक शिवाजी पेठेचा, आणि फुटबॉलचा हंगाम सुरू झाला. बाकीचं तुम्हाला मी काय सांगू!

हंगाम संपल्यावर दिलजमाई झाली. गल्लीच्या मंडळाचा गणपती, समोर पहिल्या रांगेत वडील. शेवटच्या गाण्यात गिटार आणि ड्रमची जुंपली. हा डोळे मिटून, मान मागं टाकून वाजवतोय. ड्रमर नुसता निथळतोय. वडील मांडीवर हात मारत उठले, खांद्यावरचा फेटा घेऊन मंचावर चढले. पोरानं डोळे उघडले, डोकं पुढं केलं. वडिलांनी त्याला बाजूला सारून फेटा ड्रमरला बांधला. म्हणाले, "घाम ह्याचा निघालाय."